३६ नंबरचा लाल ड्रेस

एक लाल ड्रेस आहे. सेलमध्ये स्वस्तात मिळालेला, नंबर ३६. तो कुणालाही बसतो. बारीक अंगाच्या बाईला बसतो, भरल्या अंगाच्या बाईला बसतो, आणि लग्नाआधीच्या पार्टीत मित्रांनी थट्टेनं अंगात घातला तर पुरुषालाही बसतो. ज्यानं तो घातला त्याच्या छातीवर आधी पुरळ उठतं, मग काही दिवसांत तो माणूस मरतो. पीटर स्ट्रिकलंड या इंग्रज दिग्दर्शकाच्या ‘इन फॅब्रिक’ या चित्रपटाची गोष्ट सांगायची तर एवढीच आहे.

सांगितली की हसू येतं. मीही ज्यांना ज्यांना सांगितली त्या सगळ्या हसल्या. ‘ड्रेस मारतो म्हणजे काय करतो गं?’ असं विचारतात. काय करतो, तर रात्री कपाटात खसखसतो, हँगरवरून निघून पलंगावर तरंगत येतो, धुवायला टाकला तर वॉशिंग मशीनच मोडून टाकतो. कुत्र्यानं फाडला तर दुसऱ्या दिवशी आपोआप अखंड होऊन टांगलेला असतो. पाहताना अर्धा वेळ आपण हसतो आणि अर्धा वेळ अंगावर काटा असतो. या प्रकाराला इंग्रज लोक सरावलेले आहेत. मेलेल्या माणसाशेजारी बसूनही चहाची चौकशी करणारा तो विनोद. आपल्याकडे भुताच्या सिनेमात एक तर किंकाळ्या असतात, नाही तर गुदगुल्या. दोन्ही एकाच वाटीत कालवलेलं आपल्याला आधी जरा बेचव लागतं.

तरीही मी या सिनेमावर लिहायला बसले, कारण कपडा ही बायकांची गोष्ट आहे असं सगळे धरून चालतात. घेणारी बाई, नेसणारी बाई, उधळी बाई. या चित्रपटात तो आरोप नीट तपासला आहे, आणि तपासात सापडलेला गुन्हेगार वेगळाच आहे.

शीला ही नायिका एका बँकेत काउंटरवर बसते. नवऱ्यापासून वेगळी झालेली, वयात आलेला मुलगा घरात, त्याची मैत्रीण रात्री-बेरात्री येणारी आणि शीलाच्याच घरात शीलाशी तोऱ्यात वागणारी. मारियान जाँ-बाप्टिस्टनं ही भूमिका केली आहे. १९९६ च्या ‘सीक्रेट्स अँड लाइज’साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, ते उगीच नव्हतं हे इथे पुन्हा कळतं. दमलेल्या बाईचा चेहरा किती प्रकारचा असतो ते तिच्याकडून पाहावं. बँकेतले दोन साहेब तिला खोलीत बोलावून घेतात आणि अत्यंत गोड आवाजात विचारतात की तू बाथरूमला किती वेळ लावतेस, आणि हस्तांदोलन करताना तुझा हात नीट अर्थपूर्ण का नसतो. सिनेमातलं सर्वांत भीतिदायक दृश्य कोणतं असं मला विचाराल तर मी हे सांगेन. त्यात रक्ताचा थेंब नाही. नोकरी करणाऱ्या प्रत्येक बाईनं अशी खोली पाहिलेली आहे.

ही शीला वर्तमानपत्रातल्या जाहिरातीतून एखादा बरा सोबती मिळतो का ते पाहते आहे. त्या पहिल्या भेटीसाठी तिला एक चांगला ड्रेस हवा आहे. बस, इतकंच तिचं पाप. तिच्या हव्यासात हिरे-माणकं नाहीत, परदेशवारी नाही. एका संध्याकाळी कुणीतरी आपल्याकडे पाहावं असं वाटणं, आणि त्यासाठी खिशाला झेपेल असं काही सेलमध्ये शोधणं.

दुकानाचं नाव ‘डेंटली अँड सोपर्स’. जुन्या धाटणीचं मोठं दुकान. पैसे नळकांड्यात घालून नळीतून वरच्या मजल्यावर झुपकन पाठवायचे. तिथली विक्रेती मिस लकमूर (फात्मा मोहमद) काळ्या झग्यात असते आणि साध्या वाक्यात कधी बोलतच नाही. ‘घ्या’ म्हणायचं असेल तर ती असं काही अलंकारिक, गोलगोल, मंत्रासारखं बोलते की गिऱ्हाईक गोंधळून जातं, आणि गोंधळलं की घेतं. शीला म्हणते, हा माझा नंबर नव्हे. मिस लकमूर तिला तो घालायला लावते. बसतो.

इथे मला आपल्या घरचा एक शब्द आठवला. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या केली, तेव्हा त्यांनी वस्तूंची यादी दिली नाही. किती साड्या, किती तोळे, किती खोल्या, असा हिशेब तिथे नाही. त्यांनी परिग्रहाला मूर्च्छा म्हटलं. वस्तू असणं वेगळं आणि तिच्यापायी शुद्ध हरपणं वेगळं. पाठशाळेत हे आपण सगळ्यांनी घोकलं आहे, पण मूर्च्छा म्हणजे डोळ्यांना दिसते कशी, हे मी या इंग्रजी सिनेमात पाहिलं. टीव्हीवर त्या दुकानाची जाहिरात लागते. दुकानातली माणसं एका रांगेत उभी राहून हातांनी बोलावतात, विचित्र संगीत वाजत राहतं आणि पाहणारे खिळून जातात. पुढे दुसऱ्या भागात रेज नावाचा वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा माणूस येतो. तो यंत्रातल्या बिघाडाचं वर्णन सपाट आवाजात करू लागला की ऐकणाऱ्यांचे डोळे मिटायला लागतात, बायका-पुरुष तंद्रीत जातात. प्रेक्षक खदखदा हसतात. पण पहा, रेजचे शब्द आणि मिस लकमूरचे शब्द एकच काम करतात. शब्दांनी शुद्ध घालवता येते, आणि कुणी ती घालवून त्यावर दुकान चालवतं.

मूर्च्छा आपोआप येत नाही, आणली जाते, हे स्ट्रिकलंडचं म्हणणं आहे. आमच्या प्रवचनांत मूर्च्छेचा दोष नेहमी ज्याला ती आली त्याच्या माथी असतो. ज्यानं आणली त्याचा विषय निघत नाही.

आता सिनेमाचं उणं. शीला अर्ध्यावर मरते. रात्रीच्या रस्त्यावर मध्येच दुकानातला पुतळा उभा दिसतो, गाडी आदळते, संपलं. पुढचा भाग रेज आणि त्याची होणारी बायको बॅब्स यांचा. गोष्ट ड्रेसची आहे, तेव्हा तो एकाकडून दुसऱ्याकडे जाणार हे मान्य. पण शीलाच्या जाण्याचं दुःख करायला दिग्दर्शकानं आपल्याला पाच मिनिटंही दिली नाहीत. तिच्या मुलाचं पुढे काय झालं? तिची बँकेतली खुर्ची कोणी घेतली? ज्या बाईशी त्यानं आपली इतकी ओळख करून दिली, तिला त्यानंही दुकानासारखंच वापरून टाकलं असं मला वाटत राहिलं. दुसरं असं, की मरणारे सगळे पगारावर जगणारे: बँकेतली कारकून, मशीन दुरुस्त करणारा, त्याची बायको, आणि त्याआधी कॅटलॉगसाठी तो ड्रेस घालणारी मॉडेल. नळीतून वर जाणारे पैसे मोजणारा म्हातारा मालक मात्र कपडा अंगाला लावतच नाही. हे दिग्दर्शकाला कळलेलं आहे, तरी त्याची गंमत त्याला जास्त आवडते आणि राग कमी येतो. शिवाय दोन-तीन दृश्यं उघड अश्लील आहेत. मुलं घरात असताना लावू नका, सासूबाईंबरोबर तर नकोच.

पण शेवट पाहून मी गप्प झाले. सेलमध्ये बायका रांगेवरून भांडतात, मारामारी होते, दुकानाला आग लागते, बॅब्स कपडे बदलायच्या खोलीत अडकून जळते. मिस लकमूर सामान नेणाऱ्या छोट्या लिफ्टमध्ये बसून खाली खाली जाते, आणि जाताना एकेका मजल्यावर आपल्याला दिसतात ड्रेसनं मारलेली माणसं. शीलाही तिथे आहे. प्रत्येकजण शिलाई मशीनवर बसून तोच लाल ड्रेस शिवतो आहे, आणि मशीनला लागलेला दोरा त्यांच्याच अंगातल्या रक्ताचा आहे.

विकत घेणारा शेवटी शिवणारा होतो. सेलचा कपडा स्वस्त का, याचं याहून थेट उत्तर मी पाहिलेलं नाही.

जैन बाईला हे दृश्य परकं वाटायचं कारण नाही. रेशीम म्हणजे काय ते आपल्याला लहानपणीच सांगितलेलं असतं. कोष उकळत्या पाण्यात टाकतात, आत किडा जिवंत असतो, एका साडीला असे हजारो जीव जातात. म्हणून कितीतरी घरांत देवळात जाताना रेशीम नेसत नाहीत. हैदराबादच्या कुसुम राजय्यांनी किडा बाहेर पडून गेल्यावर उरलेल्या कोषाचं ‘अहिंसा रेशीम’ काढलं, तेही आपल्या ओळखीचं. आपण कपड्यातला किड्याचा जीव ओळखायला शिकलो आहोत. विणणाऱ्याचा, शिवणाऱ्याचा जीव त्यात किती गेला, ते ओळखायला आपल्याला कुणी शिकवलं नाही.

रेशमावरून चंदेरी आली, आणि चंदेरीवरून दुसरा सिनेमा. ‘इन फॅब्रिक’ टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला तो सप्टेंबर २०१८ मध्ये. त्याच्या काही दिवस आधी, ३१ ऑगस्टला, आपल्याकडे ‘स्त्री’ लागला. अमर कौशिक यांचा हा पहिला चित्रपट, चंदेरीत आणि आमच्या भोपाळमध्ये चित्रित झालेला. हाही भुताचा आणि विनोदाचा. आणि, कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही, पण हाही कपड्यांचा.

चंदेरी अशोकनगर जिल्ह्यात आहे. आपण तिथे दोन कारणांनी जातो: जवळच्या थूबोनजीच्या दर्शनाला, आणि साडी घ्यायला. पारंपरिक साडीचा ताणा रेशमाचा, बाणा सुताचा, त्यावर सोन्याच्या मोहरेएवढी बुट्टी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात हे गाव होतं, त्यामुळे मराठी बायकांच्या कपाटात चंदेरी पिढ्यान् पिढ्या आहे. अशा कपड्याच्या गावात नायक कोण, तर लेडीज टेलर. राजकुमार राव यानं केलेला हा विकी टेप न लावता, नुसत्या नजरेनं बाईचं माप घेतो. त्या गावात वर्षातून चार रात्री एक भूत येतं, बाईचं. ती पुरुषांना हाक मारते, जो वळून बघतो त्याला उचलून नेते, आणि मागे ठेवते फक्त त्याचे कपडे.

इंग्रजी गोष्टीत कपडा राहतो आणि बाई जाते. चंदेरीच्या गोष्टीत कपडा राहतो आणि पुरुष जातो. या उलटापालटीवरच ‘स्त्री’मधली सगळी गंमत उभी आहे. त्या चार रात्री पुरुष घरात कडी लावून बसतात, एकटे बाहेर पडत नाहीत, आणि बायका निवांत फिरतात. जन्मभर बायकांना जे ऐकवलं, ते पुरुष एकमेकांना ऐकवू लागतात. भोपाळात थिएटरमध्ये या दृश्यांना बायका ज्या हसत होत्या तसं हसणं मी क्वचित ऐकलं आहे. ते नुसतं विनोदाला दिलेलं हसणं नव्हतं. त्यात थोडा हिशेब चुकता झाल्याचा आवाज होता.

ती भूत का झाली तेही सांगितलं आहे. ती गावातली नाचणारी बाई होती. सगळ्या गावाला ती हवी होती. एकानं तिच्याशी लग्न केलं, आणि लग्नाच्या रात्री गावानं दोघांना मारलं. भिंतीभिंतीवर लोक तिच्यासाठी ‘उद्या ये’ असं लिहून ठेवतात, आणि ती वाचून परत जाते. पुरुषांपेक्षा ती जास्त नियमानं वागते. शेवटी गावाला कळतं की तिला हवा होता तो मान. मग वेशीवर तिचा पुतळा उभा राहतो आणि तिला ‘आमचं रक्षण कर’ असं विनवलं जातं.

हा शेवट मला अर्धाच पटला. जिवंतपणी जिला माणूस मानलं नाही, तिला मेल्यावर देवी केलं आणि वर पहाऱ्याला बसवलं! आपल्या समाजात हे नवं नाही. बाईचा मान करायचा म्हटलं की तिला एक काम वाढवून द्यायचं. शिवाय ज्या चित्रपटात बाईकडे मापाच्या नजरेनं बघण्याची थट्टा आहे, त्याच चित्रपटात नोरा फतेहीचं ‘कमरिया’ आहे, आणि तिथे कॅमेरा नेमकं तेच माप घेत फिरतो. नायिकेला शेवटपर्यंत नाव नाही. रहस्य म्हणून ठीक आहे, पण नाव नसणं बायकांना इतकं सवयीचं आहे की त्यात रहस्य कुठे संपतं आणि दुर्लक्ष कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. २०२४ च्या दुसऱ्या भागात तर मुंडकं नसलेला राक्षस नव्या विचारांच्या मुलींना पळवतो. कल्पना पहिल्या भागाइतकीच चांगली, फक्त गोंगाट दुप्पट.

दोन्ही सिनेमे शेजारी ठेवले की कपड्याचा प्रश्न आपल्या अंगणात येतो. मी राहते ते सोनागिरी भोपाळचं, भेलच्या बाजूचं. पत्ता सांगितला की जैन माणूस हात जोडतो. त्याला दतियाजवळचं सिद्धक्षेत्र सोनागिरी वाटतं. तिथे डोंगरावर ७७ मंदिरं आहेत, तिथून नंग-अनंगकुमारांसह साडेपाच कोटी मुनी मोक्षाला गेले असं आपण मानतो. म्हणजे साडेपाच कोटी वस्त्र सोडलेले पुरुष. बाई त्यांत एकही नाही.

दिगंबर आम्नायात स्त्रीला त्याच भवातून मोक्ष नाही. याची कारणं बरीच सांगितली गेली. त्यातलं ठळक कारण वस्त्र. पूर्ण अपरिग्रह म्हणजे अंगावरचा कपडाही सोडणं, बाईला ते करता येत नाही, म्हणून आर्यिका माताजी एका पांढऱ्या साडीत कितीही कठोर तप करोत, ती साडी आड येते. श्वेतांबर तसं मानत नाहीत. त्यांच्याकडे एकोणिसाव्या तीर्थंकर मल्ली या स्त्रीच आहेत, आपल्याकडे मल्लिनाथ पुरुष. हा वाद जुना आहे. नवव्या शतकात यापनीय संघाच्या शाकटायन आचार्यांनी स्त्रीच्या मोक्षाच्या बाजूनं स्वतंत्र प्रकरण लिहिलं, आणि पुढे आपल्या प्रभाचंद्र आचार्यांनी त्याचं खंडन केलं. शाकटायनांच्या म्हणण्याचा गाभा असा, की संयमासाठी बाळगलेलं वस्त्र हा परिग्रह होत नाही, जशी पिंछी होत नाही. म्हणजे तेही मूर्च्छेच्याच व्याख्येवर बोट ठेवत होते. साडीची मूर्च्छा नसेल तर साडी कशाला आड येईल?

मी पंडित नाही. हजार वर्षांचा वाद एका निबंधात निकालात काढायचा माझा विचार नाही, आणि माताजींसमोर माझे हात जोडलेलेच आहेत. पण ज्या समाजात बाईच्या मोक्षाला कपडा आड येतो असं सांगितलं जातं, त्याच समाजाच्या कितीतरी पेढ्या बाईला कपडा विकून उभ्या राहिल्या आहेत. स्ट्रिकलंडला हे कुणी सांगितलं असतं तर त्याला वेगळा विनोद रचावा लागला नसता.

पर्युषणात दरवर्षी एक दिवस असा येतो की प्रवचनात बायकांच्या साड्यांचा विषय निघतो. दहा दिवस दहा साड्या, मॅचिंग बांगड्या, मग अपरिग्रह कुठे राहिला? पुरुषांच्या बाजूनं हशा येतो, बायका पदर सावरून खाली बघतात. त्या हसणाऱ्यांत कपड्याचे व्यापारी असतात. ज्यांनी श्रावणात सेलचे बोर्ड लावले, फोनवर फोटो धाडले, ‘ताई, तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवलीय’ म्हटलं, तेच. श्रावकाच्या बारा व्रतांत परिग्रहपरिमाण आहे. ते नेसणारीला आहे तसं विकणाऱ्यालाही आहे. विकणाऱ्यानं किती नफ्यावर थांबावं, कारागिराला किती द्यावं, दुसऱ्याची शुद्ध घालवून धंदा करावा का, यावर एखादा दिवस ठेवायला काय हरकत आहे? दहांतला उत्तम शौच हा दिवस लोभाच्याच विरुद्ध आहे.

‘स्त्री’ घरच्यांबरोबर बघा, हसा, आणि पुरुषांना शेजारी बसवून बघा. ‘इन फॅब्रिक’ एकट्या किंवा दोघी-तिघी मैत्रिणी बघा. तो पाहून ‘खरेदी वाईट’ असा उपदेश घेऊन उठलात तर सिनेमा वाया गेला. शीलाला एक चांगला ड्रेस हवा होता यात तिचं काही चुकलं नव्हतं. तिला संध्याकाळी बाहेर जायचं होतं. नव्या साडीची घडी मोडताना आपल्याला जो आनंद होतो तो लपवायचं कारण नाही. फक्त ती घडी कुणी घातली, विणताना कुणाचे डोळे गेले, आणि आपण ती घेतली तेव्हा आपण शुद्धीत होतो ना, एवढं विचारावं. आणि हेच प्रश्न गल्ल्यावर बसलेल्यालाही विचारावेत, मोठ्यानं, प्रवचनाच्या हॉलमध्ये विचारले तरी चालतील.